निगेटिव्ह

सेलूत स्टेशन रोडला आमचा फोटो स्टुडिओ.
दादा निगेटिव्ह उतरत्या काचेवर ठेवायचे,
खालून आरशाचा उजेड,
आणि घासून घासून सुई केलेली पेन्सिल.
त्या दिवशी काचेवर कौतिकाआत्या होती,
पाहुण्यांना पाठवायची.
ओठांवर तिच्या बारीक ठिपके,
जांभळं खाऊन तोंड न पुसल्यासारखे.
अकरा. मला तेव्हा नुकतंच मोजता यायला लागलं होतं.
दादांनी एकेक ठिपका शिशानं भरून काढला.
कागदावर आत्याचे ओठ स्वच्छ उमटले.
परतूरला दिली.

पोट दुखायचं तिचं.
पिळा पडायचा, उलटी व्हायची,
मग काहीच झालं नाही असं
ती उठून भाकरी थापायला बसायची.
सासू म्हणाली, नाटकं.
वैद्य म्हणाले, वात.
दादा म्हणाले, आपल्या घराण्याचं पोटच नाजूक.
घराण्याचं, म्हणाले.
शब्द बरोबर होता.
त्याच्यापाशी थांबलं मात्र कुणी नाही.

चौतिसाव्या वर्षी, जीप परभणीला पोचायच्या आत गेली.
आतड्यात आतडं शिरलं होतं,
स्वेटर काढताना बाही आत ओढली जाते, तसं.
हे आज सांगतो. तेव्हा एवढंच पाहिलं
की ती पिठासारखी पांढरी पडलेली,
आणि ओठांवरचे ठिपके वयानं पुसट झालेले,
जणू दादांची पेन्सिल
चेहऱ्यापर्यंत पोचली होती.

माझी प्रांजल चार वर्षांची असताना
मी रुमाल ओला करून तिचे ओठ पुसले.
पुन्हा पुसले.
आई म्हणाली, जांभळं खाल्ली असतील.
महिना पौष.
पौषात कुठली जांभळं?
हे मनात आलं, आणि मी रुमाल पिळून वाळत घातला.
एवढंच केलं. चार वर्षं.

मग ती जिना चढताना मधेच बसायला लागली.
नखं पांढरी. लोहाचं औषध दिलं की रक्त वाढायचं,
बाटली संपली की पुन्हा खाली.
रात्री पोट धरून गुडघे छातीशी घ्यायची,
सकाळी शाळेत पळायची.
शी काळी होते, हे तिनं आईला सांगितलं,
आईनं मला, मी कुणालाच नाही.

अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान,
हळबे आडनाव.
पोटाला हातही लावायच्या आधी
त्यांनी प्रांजलचा खालचा ओठ उलटा करून पाहिला,
बॅटरीनं गालाच्या आत पाहिलं,
मग माझ्याकडं वळून म्हणाल्या,
आता तुम्ही.
मी सोळाव्या वर्षापासून मिशी राखतो.
का राखतो, हे त्या खुर्चीवर कळलं.
तोंड उघडलं.

पानभर चौकोन काढले, पुरुषांचे,
गोल काढले, बायकांचे.
प्रत्येक लेकराला नव्यानं नाणेफेक, म्हणाल्या.
आतड्यात कोंब असतात, वाढायच्या आत काढता येतात,
आधी कळायला हवं.
घरात कुणाच्या ओठांवर होते? जुने फोटो आहेत?

फोटो आहेत हो.
आमच्याइतके स्वच्छ ओठ अख्ख्या सेलूत कुणाचे नाहीत.

रात्री बिस्किटांचे डबे उपसले.
निगेटिव्ह तिरपी धरली
की शिसं चमकतं.
जिथं जिथं ठिपका, तिथं तिथं दादांची पेन्सिल:
कौतिकाआत्या, अकरा.
माणिककाका, सात, आणि बोटावर दोन.
आजोबांच्या बहिणीचं नाव कुणाला आठवत नाही,
तिचे मी मोजले नाहीत, फार होते.
लपवता लपवता दादांनी
सगळ्यांची नोंद ठेवली होती.

प्रांजलचे पाच कोंब काढले. दोन वर्षांनी पुन्हा बघायचं.
माझे पुढच्या मंगळवारी.

आज परतूरला फोन लावला, आत्याच्या रंगनाथला.
म्हणलं, बॅटरी घे. पोरीचा ओठ उलटा करून बघ,
गालाच्या आत बघ.
तो म्हणाला, काहून? उद्या बघतो उजेडात.
म्हणलं, आत्ता.
मी फोन धरून थांबतो.

तिकडं कपाट उघडल्याचा आवाज.
सेल टाकल्याचा.
पोरगी हसतीये, बापाला म्हणतीये,
आ करू का? आ?